दोन नंबरचा फ्लोअर

उचगावच्या वाटेला माळावर एक स्टुडिओ होता. फाटकावरच्या पाटीवर त्याचं लांबलचक नाव लिहिलेलं होतं, पण कोल्हापुरात ते कुणी घेत नसे. माळावरचा स्टुडिओ म्हटलं की टांगेवाला बरोबर दारात आणून सोडायचा. त्या स्टुडिओच्या कपडेपटात खैरुनबी पंधरा वर्षं शिलाईचं काम करत होती.

कपडेपट म्हणजे नुसत्या दोन खोल्या. मावळ्यांचे अंगरखे, पाटलाचे फेटे, इन्स्पेक्टरची खाकी, नाचणारणींच्या जरीच्या नऊवारी, सगळं लोखंडी ट्रंकांत डांबरगोळ्या घालून ठेवलेलं. एकच अंगरखा आज सरदाराच्या अंगावर, तर सहा महिन्यांनी शिपायाच्या. खैरुनबी तो उसवायची, आत घ्यायची, बाहेर सोडायची. हाताला चपळ आणि तोंडाला कमी, अशी तिची ख्याती. नटनट्या तिला भाभी म्हणत. कुणी मोठा नट आला तरी ती त्याच्या तोंडाकडं बघायची नाही, खांद्याचं माप बघायची.

स्टुडिओत चित्रीकरणाच्या दोन उंच शेडी होत्या. त्यांना फ्लोअर म्हणत. एक नंबरच्या फ्लोअरवर खैरुनबी दिवसातून दहा वेळा जायची. दोन नंबरचा फ्लोअर तिच्या दारापासून चाळीसेक पावलांवर होता, पण तिथं मात्र तिनं पंधरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तिथं काम असलं की ती कपडे दुसऱ्याच्या हाती पाठवायची, नाहीतर नटाला दारापर्यंत बोलवायची. नवीन माणूस विचारायचा, भाभी आत का येत नाहीत? जुनी माणसं म्हणायची, राहू द्या.

तिचा नवरा बादशहा तिथं पडला होता.

बादशहा लाइटमन होता. फ्लोअरच्या छपराला लाकडी फळ्यांचे अरुंद मार्ग दोरखंडानं टांगलेले असतात. त्यांना तराफे म्हणतात. त्या तराफ्यांवर मोठमोठे दिवे बसवायचे, वाकवायचे, विझवायचे, ही कामं लाइटमनची. खाली राजाराणीचा संवाद चाललेला असायचा आणि वर वीस फुटांवर ही माणसं तापल्या दिव्यांशेजारी उघड्या अंगानं घाम पुसत बसलेली असायची. बादशहाला ते काम आवडायचं. घरी आला की बायकोला सांगायचा, "वरनं बघितलं की सगळ्या राजांचं टक्कल दिसतंय."

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी तीनच्या सुमाराला तराफ्याची एक बाजू सुटली. बादशहा आणि एक जड दिवा दोन्ही खाली आले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. खैरुनबीला ही बातमी गुंडूनं सांगितली. गुंडू हा बादशहाचा जोडीदार, दोघं एकाच तराफ्यावर काम करायचे. सदर बाजारातल्या तिच्या दारात तो सायकल आडवी टाकून उभा राहिला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं आणि ते त्याचं नव्हतं, एवढं तिला कळलं. हाफिजा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा तीन वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचा वॉचमन आण्णा बादशहाच्या चपला कागदात गुंडाळून घेऊन आला. "शिडीच्या बुडाला हुत्या, भाभी," तो म्हणाला. वर चढताना पाय अनवाणी ठेवायचे, हा लाइटमन लोकांचा नियम. बादशहा चपला नेहमी शिडीपाशी काढून, जोडीनं नीट ठेवून वर जायचा. खैरुनबीनं त्या घेतल्या आणि पलंगाखाली सरकवल्या. तेव्हा तिच्या मनात दुसरं काहीच आलं नाही.

दहाव्या दिवशी मॅनेजर पिराजीराव घरी आले. पिराजीराव वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. बादशहाची मयत निघाली तेव्हा ते कबरस्तानापर्यंत अनवाणी चालले होते. ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले.

"खैरुन, मालकांशी बोललो. उद्याच्याला हुबं राहायला पायजे का नको? पोरगी हाय पदरात. कपडेपटात शिलाईला ये. कायमचं काम. ह्येच्यावर लिवलंय."

खैरुनबीला अक्षर येत नव्हतं. दोन्ही कागदांवर तिनं अंगठा उठवला. एक प्रत तिच्यापाशी राहिली. ती तिनं निकाहनाम्याच्या फडक्यात बांधून पेटीत ठेवली आणि चाळिसावा झाल्यावर कामावर जाऊ लागली.

सहा वर्षं त्या कागदाला कुणी हात लावला नाही. हाफिजा चौथीत गेली. पोरगी हुशार, दिसेल ते वाचत सुटायची. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, पानपट्टीतला कागदाचा कपटा. एका सुट्टीच्या दिवशी पेटी उघडी होती. खैरुनबी चुलीपाशी भाकरी थापत होती आणि मागून हाफिजाचा अडखळत वाचण्याचा आवाज आला.

"सदर इसम हा... कामाचे वेळी नियम मोडून, पायांत चपला घालून तराफ्यावर चढला... व स्वतःचे बेपर्वाईने पडून मयत झाला. सबब... स्टुडिओची यात कोणतीही जबाबदारी नाही. वरील मजकूर मला वाचून दाखविला असून तो मला मान्य आहे." पोरगी थांबली. "अम्मा, बेपर्वाई म्हंजे काय?"

खैरुनबीच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. तिनं पोरीला खालचं वाचायला लावलं. खाली तिचा अंगठा होता, आणि त्याच्याखाली साक्षीदार म्हणून गुंडूची सही.

"पर अब्बाच्या चपला तर आपल्याकडं हायत," हाफिजा म्हणाली.

खैरुनबी उठली आणि तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारली. कागद हिसकावून फडक्यात बांधला आणि परत पेटीला हात लावलास तर बघ, असं बजावलं. पोरगी रडली नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं खैरुनबीला पुढं कैक वर्षं पुरलं.

तिला कळलं नव्हतं असं नाही. पण कळून करायचं काय? काम सोडायचं, तर पोरीची शाळा सुटणार. मॅनेजरला विचारायचं, तर तो म्हणणार, अंगठा कुणाचा आहे? दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर गेली. गुंडू दुपारी येऊन भिंतीला टेकून बसला. आधी तो असा बसायचा, पेरू आणायचा, हाफिजाची चौकशी करायचा, कधी सदऱ्याचं बटण लावून घ्यायचा. त्या दिवशी त्यानं सदरा पुढं केला. खैरुनबी म्हणाली, "हात रिकामा न्हाई." त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि सदरा घेऊन गेला. त्यानंतर दोघं एकमेकांना ख्यालीखुशाली विचारत, त्यापलीकडं काही नाही.

हाफिजा मोठी झाली तशी तिची जीभ धारदार झाली. दर ईदेला पिराजीराव शिरखुर्मा खायला यायचे. खैरुनबी डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांना वाटी द्यायची. हाफिजा तेवढा वेळ शेजारच्या घरी जाऊन बसायची. एकदा म्हणाली, "तू त्याला सलाम करतीस, ते मला बघवत न्हाई, अम्मा." खैरुनबी म्हणाली, "त्या सलामावर तू शिकलीस." ते खोटं नव्हतं, म्हणूनच दोघींनाही ते लागलं.

असे दिवस चालले होते. तोवर कोल्हापुरात टीव्ही आला. गल्लीत एका घरी संच असला की रविवारी चाळीस माणसं दारात. सिनेमे मुंबईला जाऊ लागले, माळावरचा स्टुडिओ ओस पडत चालला होता. अशात शहाऐंशीच्या जानेवारीत मुंबईची मंडळी टीव्हीची मालिका करायला तिथं उतरली. दोन नंबरच्या फ्लोअरवर त्यांनी पुण्यातल्या एका घराचा सेट लावला. ही बातमी पार कागलपर्यंत पोचली आणि तिथल्या एका मुलींच्या हायस्कुलानं सहल काढली. टीव्हीत दिसतं ते कसं करतात, हे नववीच्या मुलींना दाखवायचं होतं.

पाहुण्यांना स्टुडिओ दाखवायचं काम जोतीराम पेंटरचं असे. त्या दिवशी तो तापानं अंथरुणाला होता. सकाळी फाटकात एस.टी. उभी राहिली. निळे स्कर्ट, लाल रिबिनी, पन्नासभर मुली आणि त्यांच्याबरोबर सरनोबतबाई. बाई उंच, पांढऱ्या सुती साडीतल्या, आवाज न चढवता मुलींना रांगेत ठेवणाऱ्या. पिराजीराव कपडेपटाच्या दारात आले.

"खैरुन, पोरींस्नी जरा फिरवून आण. बायकामाणूस बरं पडंल."

"एक नंबर दावते," ती म्हणाली.

"एक नंबर मोकळा हाय. तितं काय दावणार, उंदरं?"

त्या माणसाच्या ध्यानात नव्हतं. खैरुनबीनं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं, खरोखरच नव्हतं. पंधरा वर्षं ती त्या दारात थबकते हे सगळ्या स्टुडिओला ठाऊक होतं, आणि यांना कधी दिसलंच नव्हतं.

तिनं आधी मुलींना कपडेपट दाखवला. मागचं आवार दाखवलं. तिथं किल्ल्याचा बुरूज होता. पुढून काळा दगड आणि मागं बांबू, गोणपाट नि चुना. मुली एकेक करून मागं जाऊन आल्या आणि हसत सुटल्या. एक मुलगी मात्र हसली नाही. वैजयंता तिचं नाव. बारीक अंगाची, हातात वही घेऊन सगळं टिपत चाललेली.

"मावशी, ह्यो बुरूज कुणी बांधला?"

"जोतीराम पेंटरनं."

"त्याचं नाव पाटीत येतंय का? शिनिमा सुरू व्हायच्या टायमाला नावं येत्यात की, त्यात?"

"कवा येतंय, कवा न्हाई."

वैजयंतानं ते लिहून घेतलं. "आणि तुमचं?"

"माझं कशाला येतंय?" खैरुनबी म्हणाली. मुलीनं तेही लिहून घेतलं.

मग दोन नंबरचं दार आलं. मुली पुढं झाल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. सरनोबतबाई मागं वळून म्हणाल्या, "चला ना, आम्हाला कुठं उभं राहायचं ते तुम्ही सांगा." खैरुनबीनं चौकटीला हात लावला. चौकट गार होती. मनात तिनं अल्लाचं नाव घेतलं आणि आत गेली.

आत तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. तिथं एक दिवाणखाना होता, खिडकीबाहेर रंगवलेलं झाड, स्वयंपाकघरात नळी नसलेली गॅसची शेगडी. व्हिडिओच्या कॅमेऱ्यातून एक काळी वायर निघून एका छोट्या टीव्हीला जोडलेली होती. मुंबईच्या दिग्दर्शकानं कॅमेरा मुलींकडं वळवला आणि त्या छोट्या पडद्यावर लाल रिबिनींची गर्दी दिसली. मुली किंचाळल्या. आपापलं तोंड शोधू लागल्या. खैरुनबीही त्या पडद्यात एका कडेला दिसत होती, पदर डोक्यावरून घेतलेली. स्वतःला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं वर मात्र पाहिलं नाही.

वर पाहिलं ते वैजयंतानं. "मावशी, वर कोण हाय?"

वर तराफ्यावर दोन माणसं दिव्यांमागं बसली होती. एक मुंबईचा, दुसरा गुंडू. केस पिकले होते, पण अजून वरच.

"ती लाइटमन माणसं," खैरुनबी म्हणाली.

"पडत न्हाईत का?"

एवढ्यात पिराजीराव आत आले. मुलींची गडबड थांबावी, काहीतरी बोध व्हावा, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी घसा खाकरला.

"चांगला प्रश्न इचारलास, बाळ. एक जण पडलाता. ह्याच जागंवर. का पडला? नियम मोडला म्हणून. वर चढताना पायांत चपला घालायच्या न्हाईत, असं शंभरदा सांगितलेलं. त्यानं ऐकलं न्हाई. चपला घालून चढला, घसरला, खलास. तवा पोरीहो, शाळंत बाई सांगत्यात ते ऐकावं. न ऐकणाऱ्याचं असं हुतं."

दोघीतिघींनी आपल्या पायांकडं पाहिलं. वैजयंताची पेन्सिल वहीवर चालू लागली.

ती पेन्सिल चालताना खैरुनबीनं पाहिली.

"चपला पायांत नव्हत्या," ती म्हणाली.

आवाज इतका लहान होता की कुणाला ऐकू गेला नाही. पिराजीराव दुसरं काहीतरी दाखवायला निघाले होते. तिनं खुर्चीची पाठ धरली आणि पुन्हा बोलली. या वेळी ती स्वतःच्या आवाजानं दचकली.

"त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. शिडीच्या बुडाला काढून ठेवलेल्या. आण्णा वॉचमननं माझ्या हातात आणून दिल्या. आजूनबी माझ्या घरात हायत."

"खैरुन..." पिराजीरावांचा चेहरा उतरला. आता कुठं त्यांना आठवलं.

"दोरी तुटली. काथ्याची दोरी, झिजलेली. तीनदा सांगितलं हुतं त्यांनी हापिसात, बदला म्हणून. घरी येऊन मला बोलून दाखवायचे. पोरी, तुला लिवायचंच हाय तर ह्ये लिव."

दिग्दर्शकानं हातातला कागद खाली केला. पिराजीराव मुलींकडं बघत, कसनुसं हसत म्हणाले, "बाई जरा... तिचं दुःख हाय. तिला काय ठाव, ती काय हितं हुती का त्या दिवशी?"

"मी हुतो."

आवाज वरून आला. सगळ्यांनी माना वर केल्या. खैरुनबीनंही केली. छपराखालच्या त्या अंधुक उजेडात गुंडू तराफ्याच्या कडेला उभा होता, एक हात दोरीवर.

"मी हुतो, मॅनेजर. भाभी खरं सांगतीया. दोरी माझ्या डोळ्यांसमोर तुटली. मी खोटी सही केली."

तो शिडीवरून खाली उतरला. सावकाश, एकेक पायरी. साठीला आलेला माणूस. खाली येऊन उभा राहिला तेव्हा त्याचे पाय अनवाणी होते आणि ते सगळ्या मुलींना दिसले. तो खैरुनबीच्या समोर आला. त्यानं तिच्यापुढं हात जोडले. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

वैजयंता जवळ सरकली होती. "मावशी, पडले ते तुमचे कोण?"

"माझ्या हाफिजाचं वडील."

सरनोबतबाईंनी मुलींना बाहेर काढलं असतं, तर कुणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी काढलं नाही. त्या दोन पावलं पुढं आल्या आणि गुंडूला विचारलं, "आता वर जी दोरी आहे, ती कसली आहे?"

"ती न्हाई, बाई. पर तसलीच हाय. काथ्याचीच."

दिग्दर्शकानं वर पाहिलं. वर त्याचा स्वतःचा माणूस अजून बसलेला होता. "सखाराम, खाली ये," तो म्हणाला. "आधी खाली ये. काम बंद."

त्या दिवशी पुढं चित्रीकरण झालं नाही. मुली रांगेनं बाहेर पडल्या. जाताना सरनोबतबाई खैरुनबीपाशी थांबल्या. समजुतीचं काही बोलल्या नाहीत. "त्यांचं नाव काय होतं?" एवढंच विचारलं. खैरुनबीनं सांगितलं, "बादशहा. बादशहा इमाम मुजावर." बाईंनी ते नाव मुलींना मोठ्यानं सांगितलं आणि वहीत लिहायला लावलं. एस.टी. निघून गेली.

संध्याकाळी पाचला पिराजीरावांनी तिला ऑफिसात बोलावलं. ती डबा, पदराच्या टाचण्या, चष्मा, सगळं पिशवीत भरूनच गेली. उद्या यायचं नाही असं गृहीत धरून.

पिराजीराव खिडकीकडं तोंड करून उभे होते.

"पंधरा वर्सं गप हुतीस. आजच का?"

"माझ्यापुरतं हुतं तवर गिळलं, साहेब. पर तुम्ही पोरींस्नी शिकवाय लागला. पन्नास पोरी घरला जाऊन सांगणार, एक माणूस हुता, ऐकायचा न्हाई, म्हणून मेला. त्यांनी कुणाचं ऐकलं न्हाई? ऐकलं न्हाई ते तुम्ही."

"मालकांनी लिवून दिलं. मी नुसता घिऊन आलो."

"मला ठाव हाय."

"मालक गेलं. पोरं पुण्यात, त्यांस्नी ह्या जागंचं काय पडल्यालं न्हाई. मी आता काय करू, सांग."

खैरुनबीला त्यांची कीव आली आणि त्या कीव येण्याचा रागही आला. "तुम्ही काय करायचं ते मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "मी उद्या येऊ का नको, तेवढं सांगा."

पिराजीराव खुर्चीत बसले. डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ये," म्हणाले.

घरी गेल्यावर तिनं हाफिजाला सगळं सांगितलं. हाफिजा तेव्हा अठराची, शिक्षिकेच्या कोर्सला होती. ती ऐकत राहिली. मग उठून तिनं आईचे पाय चेपायला घेतले. नको म्हटलं तरी थांबली नाही. त्या कागदाबद्दल दोघींपैकी कुणी शब्द काढला नाही.

रविवारी सकाळी गुंडू आला. पंधरा वर्षांनी त्याच दारात. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. ओट्यावरच बसत होता, हाफिजानं आत बोलावलं.

"पोरी, तुला अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, तू लिव. खाली माझी सही घे. ही खरी."

हाफिजानं वही घेतली. तो सांगू लागला. तारीख, वेळ, कोणता दिवा, दोरी कुठं झिजलेली, बादशहानं ऑफिसात केव्हा केव्हा सांगितलं. सगळं त्याला पाठ होतं, जणू रोज म्हणत आला असावा. हाफिजा लिहीत होती. खैरुनबी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. शेवटाकडं आला तसा तो अडखळला.

"त्या दिवशी ती जागा त्याची नव्हती," गुंडू म्हणाला. "माझी पाळी हुती. मी भ्यालो. म्हटलं, बादशहा, दोरी कुरकुर करतीया. त्यो हसला. म्हणाला, तुला चार लेकरं हायत, मला एक. तू हिकडं थांब, मी जातो." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "ह्ये मी कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या बायकोलाबी न्हाई. म्हणून सही केली, भाभी. मॅनेजरनं दम दिला म्हणून न्हाई. खरं सांगाय गेलो तर ह्येबी सांगावं लागलं असतं."

हाफिजाचं पेन थांबलं. तिनं आईकडं पाहिलं. खैरुनबीच्या हातातलं सूप तसंच राहिलं होतं.

"ह्ये लिवू का, अम्मा?"

"नको," खैरुनबी म्हणाली. "ते त्या दोघांतलं हाय. कागदावर नको." मग गुंडूकडं वळून, कैक वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, "त्यांस्नी जायचं हुतं तर त्ये गेलं असतंच. तुम्ही नको म्हटलं असतं तरी. मी सहा वर्सं संसार केलाय त्यांच्यासंगं." आणि थोड्या वेळानं, "जेवूनच जावा."

तो जेवला. खाली मान घालून, एक घास चार वेळा चावत. हाफिजा वाढत होती. तिनं त्याला विचारलं, अब्बा वर बसून काय करायचे? गुंडूनं सांगितलं ते तिनं कधीच ऐकलं नव्हतं. राजांची टकलं, राण्यांच्या वेणीतली गंगावनं, चहाचा कप दोरीनं वर ओढून घ्यायची बादशहाची युक्ती. हाफिजा ऐकता ऐकता हसली आणि मग तोंडावर ओढणी घेऊन रडली.

गुंडूच्या सहीचा तो कागद सोमवारी खैरुनबीनं ऑफिसात नेऊन दिला. पिराजीरावांनी तो वाचला, त्याच्यावर शिक्का मारला आणि फायलीत लावला. त्यातून कायद्यानं काही निघालं नाही. जुने मालक हयात नव्हते, नव्यांना घेणंदेणं नव्हतं. पण मुंबईच्या मंडळींनी हट्ट धरला आणि महिन्याच्या आत दोन्ही फ्लोअरवरचे तराफे लोखंडी साखळ्यांवर आले. पिराजीराव त्या वर्षी ईदेला आले नाहीत. पुढच्या वर्षीही नाही. खैरुनबीनं पहिल्या वर्षी त्यांच्या वाट्याचा शिरखुर्मा झाकून ठेवला होता, हाफिजानं तो शेजारच्या पोरांना वाटून टाकला. खैरुनबीनं रिकामं भांडं घासून ठेवलं.

एकोणनव्वद साली स्टुडिओला कुलूप लागलं. शेडी कुण्या व्यापाऱ्यानं गुळाच्या साठ्याला घेतल्या. गुंडू थोरल्या मुलाकडं पन्हाळ्याला राहायला गेला. हाफिजाला कागलच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली, खैरुनबी शिलाईचं मशीन घेऊन तिच्याबरोबर गेली. तिथं ती ब्लाऊज शिवायची, गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या. तिचा नवरा सिनेमाच्या स्टुडिओत होता हे त्यांना कळलं की कुणीतरी विचारायचीच. खैरुनबी टाळायची नाही. सगळं सांगायची, पहिल्यापासून, न रडता, कुणाचं नाव न गाळता. फक्त आधी म्हणायची, "ऐकायचं असलं तर खाली बस बाई. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते न्हाई."